मामांच्या पँटला पडलेली भोकं

पावसाळा सरला की वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात माझे दोन दिवस जमिनीवर मांडी घालून जातात. पांढरी चादर अंथरायची, सगळे हार्नेस, म्हणजे दोराला लटकताना कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे, खाली काढायचे आणि एकेक हातात घेऊन तपासायचा. साहस शिबिरं घेणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी प्रशिक्षक आहे आणि गियरची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. त्या ऑक्टोबरातल्या शुक्रवारी चोवीस हार्नेस होते आणि रविवारी लोणावळ्याच्या नागफणीच्या कड्यावर अठरा मुलांचं रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं.

ही तपासणी डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त होते. पट्टी दोन्ही हातांत धरून वाकवायची, म्हणजे वरच्या बाजूची वीण उघडते आणि तुटलेला धागा केसासारखा वर येतो. असं इंचाइंचाने सरकत जायचं. मग शिवण. चांगल्या हार्नेसचे भार घेणारे टाके बहुतेक वेळा पट्टीपेक्षा वेगळ्या रंगात घातलेले असतात, सुटलेला टाका लगेच दिसावा म्हणून. मग समोरचा बिले लूप, म्हणजे कंबरपट्टा आणि मांडीपट्ट्या जोडणारी पट्टीची कडी, आणि दोर ओवायच्या दोन जागा. दोर रोज तिथेच घासतो, त्यामुळे झीज आधी तिथे दिसते. या कामात माझा हात कधीच घाई करत नाही, याला एक कारण आहे. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये टॉड स्किनर हा अमेरिकेतला अतिशय अनुभवी आरोहक तिथल्या योसेमिटीच्या कड्यांवर मरण पावला, तो बिले लूप तुटून. लूप झिजलाय हे साथीदाराने त्याला आधी दाखवलं होतं, नवीन हार्नेस मागवलेलाही होता. नवीन शिकणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी हे सांगते आणि सांगताना दर वेळी माझा आवाज उतरतो.

दुपारपर्यंत चौदा झाले. पंधराव्याच्या मांडीपट्टीवर बोट अडलं. रुपयाएवढा भाग खळ घातलेल्या कापडासारखा कडक होता. रंग तसाच, एकही धागा वर आलेला नाही. घामाचं मीठ असेल असं वाटलं, पण कोमट पाण्याचा फडका फिरवूनही कडकपणा गेला नाही. मी तो बाजूला ठेवला. नक्की काय झालंय ते कळेना.

तेवढ्यात स्टोअर सांभाळणारे मामा चहा घेऊन आले. पेला ठेवायला वाकले, तेव्हा त्यांच्या सुती खाकी पँटवर गुडघ्याच्या वर चार-पाच भोकं दिसली. बारीक आणि गोल.

"मामा, हे काय झालं?"

"उंदरांनी कुरतडली असेल ताई. धुऊन वाळत घातली आणि ही भोकं."

उंदीर इतकं गोल कुरतडत नाही. मी विचारलं, ही पँट घालून मागच्या आठवड्यात काय काय केलं? मामांनी आठवून सांगितलं. मंगळवारी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातलं. जरा जास्त पडलं, वरून सांडलं. फडक्याने पुसलं. त्याच फडक्याने मग मांडणीवरची धूळही झटकली.

बॅटरी मांडणीच्या खाली होती. तिच्या थेट वर, खालच्या ओळीत, नऊ हार्नेस टांगलेले होते. ती मांडणी तिथे सरकवायला जूनमध्ये मीच सांगितलं होतं, गळणाऱ्या भिंतीपासून लांब म्हणून. ओलीपासून वाचवताना मी त्यांना ॲसिडच्या डोक्यावर नेऊन टांगलं होतं.

बॅटरीतलं पाणी म्हणजे पातळ गंधकाम्ल. कापडावर थेंब पडला की त्यातलं पाणी उडून जातं, आम्ल तिथेच राहतं आणि अधिकच तीव्र होतं. म्हणून भोकं त्या दिवशी दिसत नाहीत, धुतल्यावर पडतात. सुती कापड निदान भोक पाडून सांगतं तरी. हार्नेसची पट्टी बहुधा नायलॉनची असते, आणि नायलॉन आम्लापुढे टिकत नाही. आतले धागे ठिसूळ होतात आणि वरून पट्टी धडधाकट दिसत राहते. हार्नेस नासतो तो असा. ऊन, आम्ल, वापर, वय सगळं त्यात साठत जातं. बरेच उत्पादक कापडी भागांचं आयुष्य फार तर दहा वर्षं धरतात, तेही कधीच न वापरलं तर.

मी संस्थेच्या सरांना फोन केला. नऊच्या नऊ बाद करायचे आहेत म्हटलं. ते तासाभरात आले.

"अगं, एकाच्या पट्टीवर डाग आहे ना? मग नऊ का? एकेक तीन-चार हजारांचा आहे. मी स्वतः लटकून बघतो प्रत्येकात."

त्यांचा राग मला समजत होता. आमची संस्था पैशावर लोळत नाही. पण लटकून बघणं ही परीक्षा नव्हे. शांत लटकलेला माणूस म्हणजे सत्तर-ऐंशी किलो. पडणाऱ्याचा झटका त्याच्या कितीतरी पट असतो. युरोपच्या ईएन १२२७७ मानकात बैठ्या हार्नेसला १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टन भार सोसावा लागतो, तो याचसाठी. रॅपलिंगमध्ये झटका कमी बसतो हे मीही मानते. पण घाबरलेलं पोर मध्येच दोर सोडून देतं, कड्यावर आपटतं, आणि त्या क्षणी हिशेब करायला कुणी नसतं. कुठल्या पट्टीवर थेंब पडला, कुठल्या पट्टीला फडका लागला हे मामांनाही सांगता येत नव्हतं.

शेवटी मी म्हटलं, बाद करायचेच आहेत, तर दोन ओढून बघू. शेजारच्या गाळ्यात फॅब्रिकेशनचं काम चालतं. त्यांच्याकडे चेन पुली आहे आणि टांगायचा वजनकाटाही. मांडीपट्ट्यांतून जाड पाइप घातला, बिले लूपला हुक लावला, सगळ्यांना लांब उभं केलं.

आधी तो कडक डागाचा. हजार किलोपर्यंत ओढला. टिकला. सर माझ्याकडे बघत होते आणि मला घशाला कोरड पडल्यासारखं झालं.

दुसरा मी न बघता उचलला होता. त्यावर डाग नव्हता, कडकपणा नव्हता. सकाळी मी तो स्वतः तपासून 'ठीक' म्हणून ठेवला होता. काटा चारशेच्या जरा पुढे गेला आणि फट् असा आवाज झाला. डावी मांडीपट्टी तुटली होती. टोकं बघितली, तर धागे ताणून तुटल्यासारखे नव्हते, वाळलेल्या काटकीसारखे मोडले होते. माझ्या बोटांवर माझा केवढा विश्वास होता!

सर काही बोलले नाहीत. त्यांनीच कात्री आणली. बाद हार्नेस कापायचाच असतो, नाहीतर कुणीतरी कचऱ्यातून उचलून वापरतो.

उरले पंधरा, त्यातले चार आम्हा प्रशिक्षकांना लागणारे. शनिवारी डोंबिवलीच्या एका मित्राच्या क्लबकडून सात मिळाले. तेही चादरीवर मांडून तपासले, मित्राने सांगितलं नसतानाही, आणि या वेळी आधी विचारलं, ठेवता कुठे.

रविवारी नागफणीच्या माथ्यावर नेहमीप्रमाणे एकेकाचा पट्टा आवळला. कंबरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर, दोन्ही हातांनी खाली ओढला तरी उतरता कामा नये. मांडीपट्टीत सपाट तळवा जाईल एवढीच जागा. बकलबाहेर चार बोटं पट्टी उरलेली. एक तेरा वर्षांचा पोरगा इतका सडपातळ की काही केल्या पट्टा कमरेवर थांबेना, ओढला की सरळ खाली. उलटा झाला तर हार्नेसमधून निसटेल. त्याला छातीचा पट्टाही जोडला. मोठ्यांसारखा नाही म्हणून तो हिरमुसला, तो सर्वांत आधी उतरला आणि खालून ओरडला.

सोमवारी बॅटरी गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला, लाकडी खोक्यात गेली. मी गियर रजिस्टर उघडलं आणि नऊ क्रमांक लाल पेनाने खोडले. कारणाच्या रकान्याशी थांबले होते, तेव्हा मामा म्हणाले, "ताई, द्या इकडे." त्यांनी नऊही ओळींत, सावकाश, आपल्या हाताने लिहिलं : बॅटरीचं पाणी.