लाकडाच्या विमानावर भरवसा कसा ठेवायचा?

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या घराच्या गॅरेजात मी ‘पीटनपोल एअर कँपर’ हे जुन्या बांधणीचे लाकडी विमान तयार करते आहे, हे कळल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो: लाकडाच्या विमानावर भरवसा कसा ठेवायचा? मुंबईकडच्या नातेवाइकांशी बोलताना अमोल यादव यांचे नाव हमखास निघते, कारण त्यांनी चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाविषयी सगळ्यांनी वाचलेले असते. पण ते विमान धातूचे, त्यामुळे लाकडाबद्दलची शंका कमी होण्याऐवजी वाढते. आता तुम्हीही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बर्नार्ड पीटनपोल हे मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातले, स्वतःच्या हिमतीवर शिकलेले मेकॅनिक होते. विमानाचे इंजिन सामान्य माणसाला परवडत नसे, फोर्डच्या मोटारीचे मात्र सहज मिळे. म्हणून त्यांनी मॉडेल ए मोटारीचे 40 अश्वशक्तीचे इंजिन बसवून 1929 साली हे दोन आसनांचे, उघड्या कॉकपिटचे विमान उडवले. 1932 साली त्याचे आराखडे छापून आले आणि आजही लोक ते वापरून विमाने बांधतात. या इंजिनाचा रेडिएटर नेमका वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत उभा राहतो, ही टीका मात्र मला पूर्णपणे मान्य आहे.

आता लाकडाविषयी. विमानासाठी लागणारे सिट्का स्प्रूस हे सुतारकामाचे सर्वसाधारण लाकूड नव्हे. त्याच्या फळीत इंचाला किमान सहा वाढवलये असावी लागतात, आणि तंतू फळीच्या कडेपासून 15 इंचांत एका इंचापेक्षा अधिक तिरके गेलेले चालत नाहीत. वजनाच्या मानाने या लाकडाची ताकद इतकी चांगली असते की पंखाचा मुख्य दांडा, ज्याला स्पार म्हणतात, त्याची मला कधी धास्ती वाटली नाही. माझ्या मते प्रश्न विचारणाऱ्यांनी चुकीच्या जागी बोट ठेवलेले असते. शंका घ्यायचीच तर ती लाकडावर नव्हे, सांध्यावर घ्यावी.

पंखाला आकार देणारी प्रत्येक फासळी स्प्रूसच्या अगदी बारीक पट्ट्यांची असते. आराखडा चिकटवलेल्या फळीवर ठोकळे ठोकून साचा करायचा, त्यात पट्ट्या वाकवून बसवायच्या आणि त्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे दोन्ही बाजूंनी प्लायवुडचे छोटे तुकडे चिकटवायचे. पीटनपोल यांच्या काळात दुधातल्या केसीनचा गोंद वापरत. ओल लागली की तो कमकुवत होतो आणि त्याला बुरशीही धरते. मी इपॉक्सी, म्हणजे दोन घटक कालवून तयार होणारा कृत्रिम गोंद, वापरते. इपॉक्सीचा सांधा फार जोराने आवळला तर गोंद बाहेर निघून जातो आणि आत पुरेसा उरत नाही, म्हणून क्लॅम्प हलक्या हातानेच लावावा लागतो. शिवाय चिकटवायचा पृष्ठभाग नुकताच रंधलेला हवा. स्प्रूसवर सँडपेपर घासला तर त्याच्या भुकटीने लाकडाची छिद्रे बुजतात.

एवढे करूनही पूर्ण झालेला सांधा बाहेरून पाहून चांगला की वाईट हे सांगता येत नाही. म्हणून कालवलेल्या गोंदातून दर वेळी थोडा गोंद घेऊन मी लाकडाचे दोन टाकाऊ तुकडे जोडते, त्यावर तारीख लिहिते आणि गोंद पुरता वाळला की ते शिकंजात धरून हातोडीने तोडते. तुटताना लाकूड फाटले पाहिजे. तुकडे गोंदाच्या रेषेवर स्वच्छ सुटले, तर त्या गोंदाने जोडलेला विमानाचा भागही बाद समजायचा.

हा कर्मठपणा वाटत असेल, तर एक जुने उदाहरण देते, आणि त्याचा आपल्याकडच्या आघाडीशी संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे मॉस्किटो हे प्रामुख्याने लाकडाचे लढाऊ विमान होते. 1944 च्या उत्तरार्धात भारत आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला त्यातली काही विमाने पंख निकामी होऊन कोसळली. पहिला संशय साहजिकच गोंदावर आणि तिथल्या दमट हवेवर गेला. पण पुढील तपासात, ज्यांनी पूर्वेकडची हवा पाहिलीही नव्हती अशा विमानांतही तसेच दोष आढळले, आणि कारखान्यातल्या सदोष बांधणीवर ठपका आला. दोष पावसाळ्याचा नव्हता, नीट न बसलेल्या सांध्यांचा होता.

अर्थात पाणी हा लाकडाचा शत्रू आहेच. म्हणून आतला सगळा भाग वॉर्निश करायचा, लाकडाची कापलेली टोके आणि बोल्टची भोकेसुद्धा, मात्र जिथे पुढे गोंद लागणार आहे ती जागा कोरी ठेवून. आणि लाकडी सांगाड्यावर कापड चढवल्यावर खालच्या बाजूला पाणी निथळायला भोके ठेवायची. ही भोके बुजलेली विमाने मी पाहिली आहेत, आणि मालकाला ते सांगायला मला संकोच वाटत नाही.

अमेरिकेच्या नियमांनुसार अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनीच केलेले असावे लागते, आणि ते दाखवण्यासाठी कामाची वही व छायाचित्रे ठेवावी लागतात. प्रमाणपत्र मिळाल्यावरही चाचणीची उड्डाणे पूर्ण होईपर्यंत प्रवासी नेता येत नाही, आणि नंतर नेला तरी हे विमान हौशी बांधणीचे असून नेहमीच्या विमानांसाठीचे सुरक्षानियम पाळत नाही, अशी पाटी त्याला दिसेल अशी लावावी लागते. ती वाचून कोणी उतरून गेले तर मी रागावणार नाही.

सध्या पंख उघडा आहे आणि विमानबांधणीचा अनुभव असलेल्या एका गृहस्थांना मी तो सांध्यागणिक तपासायला बोलावले आहे. तुम्हाला स्वतः पाहून खात्री करायची असेल तर कापड चढण्याआधी या; पॉलिस्टरचे कापड इस्त्रीने ताणून, फासळ्यांना दोऱ्याने शिवून टाकले की हे सांधे पुन्हा सहजासहजी दिसणार नाहीत.