दातांची सफाई: खुर्चीत बसल्यावर काय काय होतं

'स्केलिंग (दवाखान्यात मशीनने दातांची सफाई) केलं की दात हलायला लागतात' हे इतक्या जणांकडून ऐकलं होतं, की डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारला. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी हातात आरसा दिला आणि खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवली. पिवळट-तपकिरी, दगडासारखा थर. हेच कीटण. जिभेखालच्या लाळग्रंथी नेमक्या तिथेच उघडतात, त्यामुळे लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांवरच्या मऊ थरात मुरून तो कडक होतो. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही तोच प्रकार. एकदा दगड झाला की ब्रश कितीही घासा, निघत नाही.

आणि दात हलतात ते कीटणामुळे हिरडी सुजून आतलं हाड झिजलं तर. अशा वेळी कीटणच दातांना एकमेकांशी धरून ठेवतं. ते काढलं की आधीपासूनचा ढिलेपणा कळतो. बोल मात्र मशीनला लागतो.

मशीन सुरू करण्याआधी औषधांची चौकशी झाली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, पेसमेकर, हृदयाची झडप बदललेली, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आधीच सांगावं. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

मग आलं मोजमाप. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि याबद्दल आधी कोणीच सांगितलं नव्हतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच घालतात, प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे बोलत होते, मदतनीस लिहून घेत होत्या. फटीची खोली १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक. ४ किंवा जास्त आला आणि रक्तही आलं, तर तिथे लक्ष द्यायला हवं. माझ्या मागच्या एका दाढेपाशी ५ ऐकू आलं. पोटात थोडं धस्स झालं, खोटं कशाला बोला.

स्केलरचं, म्हणजे सफाईच्या मशीनचं, टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि त्या थरथरीने कीटण सुटतं. टोक तापू नये म्हणून पाण्याचा फवारा चालू असतो. त्रास झाला तो दुखण्याचा कमी, पाण्याचा जास्त! आडवं झोपून तोंडात पाणी साठतं, सक्शनची नळी खरखरत असते आणि आपल्याला उगाच गिळावंसं वाटतं. नाकाने सावकाश श्वास घेतला की जमतं. पुढच्या दातांच्या मुळाशी दोन-तीनदा सणक गेली. हात वर करायचा असं आधीच ठरलं होतं, तसा केला आणि त्यांनी मशीनचा जोर कमी केला. फारच दुखत असेल तर बधिर करूनही घेता येतं. राहिलेलं कीटण हाताच्या अवजाराने खरवडलं. तो आवाज कवटीतच घुमतो, कारण तो हाडांतून कानापर्यंत पोहोचतो.

शेवटी रबरी कप आणि रवाळ पेस्टने पॉलिश. चहाचे डाग गेले, पण दात पांढरेशुभ्र झाले नाहीत. मूळ रंग तोच राहतो. पांढरे करायचे असतील तर ब्लीचिंग हे वेगळं काम.

घरी आल्यावर जीभ सारखी दातांच्या मागे जात होती. फटी पडल्यासारखं वाटत होतं. फटी नव्या नव्हत्या, त्यांच्यातलं कीटण गेलं होतं. काही दिवस गार पाण्याने दात शिवशिवले. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश आणि पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट यांवर भागलं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला असेल, तर सांगितलेत तेवढेच दिवस वापरा. जास्त वापरला तर तोच दातांवर तपकिरी डाग पाडतो.

त्या ५ आकड्याच्या दाढेसाठी दातांमधून फिरवायचा छोटा ब्रश मिळाला आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजायला बोलावलं. खोली कमी झाली नाही तर त्या जागी बधिर करून मुळाच्या पृष्ठभागापर्यंत खोल सफाई करतील. इथून पुढे कुठल्याही दवाखान्यात हिरड्या न मोजता थेट मशीन सुरू झालं, तर आकडे मी स्वतःच मागणार आहे.