सलाईननंतरचा ताप

ओपीडी उघडायच्या आतच मुलगा आणि नात आजींना घेऊन हजर. १०२ ताप, हुडहुडी, आणि हाड न् हाड ठणकतंय. हाडं ठिसूळ होऊन मणका दबला होता, म्हणून आदल्या दिवशी मी त्यांना ५ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन दिलं होतं. ताप येऊ शकतो हे सांगितलं होतं, पण इतका ताप पाहून घरचे घाबरणारच. "सलाईनमधून जंतू गेले असतील. अँटिबायोटिक लावा," मुलगा म्हणाला.

शंका रास्त होती. सुईची जागा, छाती, लघवी, रक्त, सगळं तपासलं. संसर्गाची खूण कुठेच नव्हती.

नात मायक्रोबायोलॉजी शिकते. तिनं विचारलं, "जंतू नाहीत, तर शरीर लढतंय कुणाशी?" काय सुंदर प्रश्न! मी तिला कागदावर काढूनच दाखवलं.

टी पेशी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. नेहमीच्या टी पेशीला प्रथिनाचा तुकडा एमएचसी रेणूवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या जणू तबकात, मांडून दाखवावा लागतो. मग तिची संख्या वाढण्यात काही दिवस जातात. रक्तातल्या टी पेशींत साधारण १ ते ५ टक्के असणाऱ्या गॅमा-डेल्टा पेशींची रीत वेगळी. क्षयाचे जंतू किंवा मलेरियाचा परजीवी फॉस्फेट असलेले चिमुकले रेणू बनवतात. ते आपल्या पेशीत शिरले, की आतून ब्युटिरोफिलिन प्रथिनाला चिकटतात. त्यानं पेशीच्या पृष्ठभागावर जो बदल होतो, तो या टी पेशी लगेच हेरतात. कोलेस्टेरॉल घडताना आपल्या पेशींतही तसाच एक रेणू तयार होतो, पण पुढे वापरला जातो, साठत नाही. झोलेड्रॉनिक नेमकी ती पुढची पायरी अडवतं. हाड झिजवणाऱ्या पेशी त्यामुळेच थंडावतात. मात्र रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये तो रेणू तुंबतो आणि गॅमा-डेल्टा पेशी टीएनएफ, इंटरफेरॉन असे ताप चढवणारे संदेश-रेणू सोडू लागतात. आजींचा ताप तो होता.

अँटिबायोटिक दिलं नाही. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, एवढंच. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

"डॉक्टरीणबाई, पुढच्या वर्षी नको हो ते," आजी म्हणाल्या. या एका तापापायी औषध सुटतं आणि पुढे खुबा मोडतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून आकडेच सांगितले: २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असा त्रास पहिल्या डोसनंतर सुमारे ३२ टक्के बायकांना झाला, दुसऱ्यानंतर ७, तिसऱ्यानंतर ३. आजींनी नातीकडे पाहिलं, मग मान डोलावली. मी फाईलवर पुढच्या वर्षीची तारीख घातली आणि खाली लिहिलं: सलाईनच्या दिवसापासून तीन दिवस पॅरासिटामॉल.