संस्था बडोद्याची, खातं दिल्लीचं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतली (म्हणजे औद्योगिक वसाहत) आमची कंपनी तशी छोटीच, पण मालक कंपनी इंग्लंडातली. मागच्या वर्षी तिकडून मेल आला की भारतातल्या एखाद्या संस्थेला तीन वर्षं मदत करायचीय, तुम्हीच शोधा. आणि काम कुणाच्या गळ्यात, तर माझ्या, का तर म्हणे हिचं इंग्रजी बरं आहे.

निवड करायला खरं तर त्रास झाला नाही. दोन संस्था बघितल्या. एकीचा अहवाल गुळगुळीत कागदाचा, पण "यातून बदललं काय?" विचारलं की परत फोटोच. दुसरी बडोद्याचीच, पण छोटाउदेपूरकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंट्समध्ये काम करणारी, तिथल्या बेननी (गुजरातीत ताई) एक फाटकं रजिस्टर पुढे केलं, ज्यांनी गोळ्या सोडल्या त्यांच्या नावापुढे लाल फुली आणि बाजूला कारण, 'मजुरीसाठी सुरत'. जे फसलं तेही लिहून ठेवतात, माझं तिथेच ठरलं.

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचं सर्टिफिकेट होतं, तारीख शिल्लक होती (ते पाच वर्षांचंच असतं, आधी तारीख बघा), सगळं ओके. मग आला इंग्लंडचा फॉर्म. संस्थेला 'नवीन सप्लायर' म्हणून भरायचं, आणि त्यात बँकेची शाखा. मी लिहिलं, स्टेट बँक, नवी दिल्ली मेन ब्रँच, संसद मार्ग. फॉर्म परत. संस्था बडोद्याची आणि खातं दिल्लीत कसं, हे संशयास्पद आहे म्हणे.

मी समजावलं की 2020 मध्ये कायदा बदलला, 1 जुलै 2021 पासून बाहेरच्या देशातला पैसा आधी त्याच एका शाखेत उतरतो, संस्था बडोद्याची असो नाहीतर कोहिमाची. उत्तर आलं, मग बडोद्याचं खातं द्या. आता अलकापुरीत संस्थेचं खातं आहे, पण ते खर्चासाठीचं, दिल्लीहून पैसे तिथे वळवायचे. परदेशातून थेट तिथे टाकले तर कायदा मोडला संस्थेनं, आणि रजिस्ट्रेशन जायची वेळ. हे मी चार वेळा लिहिलं, आणि प्रत्येक वेळी तिकडे नवीनच माणूस, पहिल्यापासून सुरू. दीड महिना! बेनचा दर सोमवारी फोन, "काय झालं ताई?", आणि मी काय सांगणार, तुमच्यावर शंका घेतायत म्हणून?

शेवटी गृह मंत्रालयाची नोटीस काढली, दिल्लीच्या शाखेच्या ओळीला पिवळा मार्कर लावून स्कॅन करून पाठवली आणि सरळ इंग्लंडला कॉल लावला. तिकडच्या बाई वाचत होत्या, गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे सगळ्याच संस्थांचं असं आहे?" मी म्हटलं, सगळ्याच, मॅडम. दुसऱ्या दिवशी मंजूर. मी त्या संध्याकाळी सेव उसळ दोन प्लेट खाल्ली, एक रागाची एक आनंदाची.

हां, एक राहिलंच. आमच्या साहेबांना आधी एका मोठ्या संस्थेला पैसे देऊन तिच्यामार्फत पुढे पाठवायचे होते. तो रस्ता 2020 पासून बंद आहे, एफसीआरएचा पैसा एका संस्थेनं दुसरीला द्यायचा नाही. ऑफिस-पगार वगैरे प्रशासकीय खर्चही 20 टक्क्यांच्या आत, आधी 50 चालायचे. त्यावरून कुणाला भारी ठरवू नका मात्र, तो आकडा कायद्यानेच बांधलाय, कामाचा दर्जा त्यातून कळत नाही. ऑडिट केलेले हिशेब आणि एफसी-4 (परदेशी पैशाचं वार्षिक विवरणपत्र) ची कॉपी संस्थेकडूनच मागून घ्या.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट आमच्या सीएनं नंतर सांगितली. आमच्या बडोद्याच्या कंपनीनं स्वतःच्या नफ्यातून दिले असते तर तो परदेशी पैसा धरलाच गेला नसता, परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेत असलेल्या भारतीय कंपन्यांना 2016 च्या दुरुस्तीपासून ती सूट आहे. हे आधी सांगायला काय झालं होतं?

पुढचा हप्ता एप्रिलमध्ये आहे. परवा तिकडून मेल आला, अकाउंट्सला नवीन मुलगा लागलाय, विचारतोय की बँक दिल्लीत का.