परदेशची पेटी

आमच्या चर्चमध्ये अर्पणाच्या तीन पेट्या होत्या. गाव, मेळघाट आणि परदेश. गावच्या पेटीतून विधवा बायांना औषधपाणी आणि पोरांच्या वह्या, मेळघाटच्या पेटीतून वर डोंगरात कोरकू मुलांच्या वसतिगृहाला धान्य. परदेशच्या पेटीचं काय, हे कोणी विचारत नसे. मी अकोट तालुक्यातल्या या मंडळीचा पाळक, आणि ते मला ठाऊक होतं.

गोष्ट 2024च्या हंगामाच्या सणाची, म्हणजे नव्या पिकातलं अर्पण आणायच्या रविवारची. खेड्यात त्या दिवशी नोटा कमी आणि माल जास्त येतो. तूर अजून शेतात उभी असते, म्हणून सोयाबीन, ज्वारी, भोपळे, कोंबड्या. उपासनेनंतर लिलाव. एकच भोपळा चार वेळा विकला जातो, कारण घेणारा पैसे देऊन तो परत टेबलावर ठेवतो. सोयाबीनचं मात्र तसं नाही, ते बाजारातच न्यावं लागतं. मी आधी चार दाणे दाताखाली धरतो. कडक् वाजला तर वाळलेला, दात रुतला तर ओल आहे आणि व्यापारी कापणार. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, पण सरकारी खरेदीला सातबारा आणि पीकपेरा लागतो, ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. अर्पणात आलेल्या पोत्याचा सातबारा चर्चनं कुठून आणायचा? आम्हाला मिळाले 4,050. शेतकऱ्याच्या मालावर दर वर्षी असा डल्ला पडतो, याची चीड मला आजही आहे.

त्या दिवशी सत्तरीची एक मावशी नातवाच्या मोटारसायकलवर सोयाबीनचा कट्टा, म्हणजे पोतं, घेऊन आली. बावन्न किलो भरला. दोन एकरांतलं पीक, त्यातही निम्मं सततच्या पावसानं गेलेलं.

"पास्टर साहेब, हे सारं परदेशच्या पेटीत टाका," ती म्हणाली.

"मावशी, मेळघाटात गरज जास्त आहे."

"मले मालूम हाय. पन माहा जलम वाशीमच्या मिशन दवाखान्यात झाला. माय अडली होती. गोऱ्या बाईनं सोडोलं. तिच्या गावच्या बायांनं तिकडं थैलीत पैसे टाकले असतीन, तवाच थे इकडं आली ना? आता आपली पाळी हाय."

वाशीमचं ते रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, 1938 सालचं. माझ्या पोटात कालवलं. कारण परदेशच्या पेटीतला एक रुपयाही तीन वर्षांत देशाबाहेर गेला नव्हता.

लोकांना वाटतं चर्चला पैसा बाहेरून येतो. बाहेरून पैसा घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही, आणि आजवर परदेशातून रुपयाही आलेला नाही. पण बाहेर पाठवणंही तितकंच अवघड, हे कोणाला माहीत नसतं. तेव्हा लागू असलेल्या 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 11प्रमाणे ट्रस्टनं आपलं उत्पन्न भारतातच खर्च करायचं होतं. बाहेर खर्च करायचं तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश आणावा लागे, नाहीतर त्या रकमेवरची करसवलत जाई. आमच्या वरच्या कार्यालयाला मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. सीए म्हणाला, अर्जाचा खर्चच जमलेल्या रकमेहून जास्त होईल. पंचकमिटीत मी पेटी काढायचा विषय मांडला तेव्हा एक वडील म्हणाले, "पेटी काढली तर एकूण अर्पण घटंल." मी गप्प बसलो. ते गप्प बसणं माझं होतं, कमिटीचं नव्हे.

लिलाव संपल्यावर मावशीला बाकावर बसवून सगळं सांगितलं.

"मंग माहे मागच्या सालचे पैसे?"

"बँकेत आहेत. हात लावलेला नाही."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी घाईनं तोड काढली. मेळघाटातल्या दवाखान्यात मिझोरमची एक नर्स आहे. तिकडच्या बाया 1910पासून दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि तो विकून मिशनचं काम चालवतात. तिच्यासाठी दिलं तर दूरवरच्या माणसालाच दिल्यासारखं होईल.

"थे आपल्याच देशातली हाय," मावशी म्हणाली. "तिले देईन, पन थे येगळं. अन् हे तुमी मले आंधी सांगाले पायजे होतं."

तिनं कट्टा परत नेला नाही. 2,106 रुपयांची पावती मी केली. कशासाठी, या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाली, "परदेशच लिव्हा."

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर सगळा हिशेब वाचून दाखवला आणि पेटी भिंतीवरून काढली. आतले पैसे वेगळ्या खात्यात ठेवले, मेळघाटकडे वळवले नाहीत. दोघांनी तोंडावर सांगितलं की पास्टरनं मंडळीची अब्रू घालवली. अर्पण घटलं का, हे अजून नीट कळलेलं नाही.

नाताळच्या उपासनेनंतर मावशी आली. पेटीच्या जागी भिंतीवर चुन्याचा पांढरा चौकोन राहिलाय, तिथं क्षणभर थांबली, मग पाकीट माझ्या हातात दिलं. वर नातवाच्या अक्षरात 'परदेश' लिहिलं होतं. आत शंभराच्या दोन नोटा. पाकीट अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरच्या कार्यालयाला तिसरं पत्र पाठवलं, त्याला त्या पाकिटाची झेरॉक्स जोडली आहे.