'पीजी' म्हणजे काय ते आधी विचारा

विमानतळाशेजारच्या पार्ल्यात वाढलेल्या माणसाला विमानाचं कौतुक नसतं, आवाजाचा त्रास असतो. तरी गोरेगावला विमानांचं प्रदर्शन भरलंय म्हटल्यावर मामेभावाला घेऊन शनिवारी गेले. राममंदिर स्टेशनला उतरून पूर्वेला चालत जा, रिक्षाच्या फंदात पडू नका. आत दोन तास पुष्कळ झाले. सिम्युलेटरची रांग सोडून द्या. पाऊण तास उभं राहून तीन मिनिटं मिळतात.

एका कोपऱ्यात जेआरडी टाटांचा पुरुषभर उंच कटआउट होता. 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे, इथेच जुहूला उतरले होते. त्याच कटआउटशेजारी एक स्टॉल, फलकावर छोट्या विमानाचं झकास चित्र आणि खाली अक्षरं: 'स्वतः उडा! 20 मिनिटं!' मुलगा गोड बोलणारा. 3,500 रुपये भरले. पावतीवर बारीक अक्षरात 'पीजी टँडम' लिहिलं होतं. मला वाटलं, पॅकेजचं नाव असेल.

पीजी म्हणजे पॅराग्लायडिंग, टँडम म्हणजे एका ग्लायडरला दोघं. इंजिन नाही, कॉकपिट नाही. कामशेतची टेकडी, डोक्यावर कापड, आणि मागे बांधलेला पायलट. उडवणार तोच, आपण सामान.

हे मला जायच्या आदल्या रात्री फोनवर कळलं. पैसे परत मागितले तर 'नॉन-रिफंडेबल, मॅडम'. म्हटलं, आता जाऊनच येऊ.

सकाळची इंद्रायणी पकडून लोणावळा, तिथून पुण्याची लोकल, मळवलीनंतर कामशेत. हा भाग सुखाचा, त्यावर काही लिहिण्यासारखं नाही. खरं दुखणं स्टेशनबाहेर सुरू होतं.

जीप पॅकेजमध्ये आहे असं स्टॉलवर सांगितलं होतं. जीपवाला म्हणाला, "ताई, ते पायथ्यापर्यंत. वर जायचे माणशी तीनशे." पायथा म्हणजे कुठे, तर जिथे डांबर संपतं तिथे. भावाने हुज्जत घातली, शेवटी दोघांचे चारशे दिले. बूट धड असतील तर देऊ नका. अर्ध्या तासाची चढण आहे, वाटेत सावलीचं नाव नाही, पण आम्ही उतरताना चाललो तेव्हा कळलं की त्यात विशेष काही नव्हतं. त्या जीपमध्ये मात्र माझं डोकं तीनदा टपावर आपटलं.

वर पोचलो साडेअकराला. उडालो पावणेपाचला. मधले पाच तास वारा "बसत नव्हता". पॅराग्लायडर समोरून येणाऱ्या वाऱ्यावर उचलतात. वारा मागून आला किंवा फार जोराचा असला तर टँडम उडवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण भर दुपारी ऊन तापल्यावर हवा उसळ्या मारते, संध्याकाळकडे ती मऊ होते, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. मग सकाळी साडेअकराची वेळ देता कशाला? वर पाण्याची बाटली चाळीसला. टोपी आणि दोन लिटर पाणी घरून न्या. नाश्ता हलका करा. भावाने लोणावळ्याला दोन वडापाव हाणले होते, ते त्याला हवेत आठवले.

आता उडण्याचं. पायलट मावळातलाच मुलगा, पंचविशीचा असेल. हार्नेसचे पट्टे मांडीला, छातीला आवळले, प्रत्येक बक्कल दोनदा ओढून पाहिलं. "ताई, पळायचं. मी सांगेपर्यंत बसायचं नाही." सगळे इथेच चुकतात, पाय उचलतात आणि दोघंही दगडांवर आपटतात. मी तीन पावलं पळले, चौथं पाऊल हवेत पडलं.

आणि मग काहीच आवाज नाही. नुसता दोऱ्यांतून शीळ घालणारा वारा. खाली पायलटची आणि माझी मिळून एकच सावली गवतावरून सरकत होती, एका म्हशीवरून गेली, म्हशीने मानही वर केली नाही. पार्ल्यात जन्म काढून मला वाटायचं, उडणं म्हणजे गोंगाट.

सात मिनिटं. घड्याळ लावून मोजली. वीस मिनिटं कुठली? "तयारी धरून, ताई." व्हिडिओचे आठशे वेगळे, तेही उतरल्यावर हात थरथरत असताना मागतात, तेव्हा माणूस काहीही देतो. मी दिले.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत किती मिनिटं, जीप कुठपर्यंत, वारा नसेल तर पैसे परत की दुसरी तारीख. स्टॉलवर भरूच नका, थेट कामशेतला फोन करा, दुपारी तीननंतरची वेळ मागा. पावसाळ्यात जाऊ नका, उडवत नाहीत. आणि खरंच विमान चालवायचं असेल तर हा रस्ताच वेगळा: वैद्यकीय तपासणी, परीक्षा, खासगी लायसनला किमान 40 तासांचं उड्डाण.

परतीच्या लोकलमध्ये भाऊ तक्रारीचा ईमेल लिहीत बसला होता. मी आठशे रुपयांचा तो व्हिडिओ पाहत होते. अर्ध्याहून जास्त वेळ त्यात माझं नाकच दिसतं. पुढच्या महिन्याची तारीख विचारली आहे, संध्याकाळची.