अ‍ॅपने गप्प बसायचं नाही

मी अमळनेरचा. नोकरी पुण्यातली, काम घरून. उरलेल्या वेळात दृष्टिहीनांसाठी ऑडिओबुकचं अ‍ॅप बनवतोय. त्यात एका नियमावर मी अडून बसलोय: अ‍ॅपने गप्प बसायचं नाही.

पुस्तक उघडायला वेळ लागला की डोळसाला गोल फिरणारं चक्र दिसतं. माझ्या मामांना ते दिसत नाही आणि तेवढ्या वेळात आवाजही नसतो. गावाकडे रेंज गेली की ते मोबाईल कानाशी धरून विचारतात, "बंद पडनं का रे भाऊ हाई?" मग तेच बटण परत दाबतात. तोवर पुस्तक सुरू झालेलं असतं, ते या दाबण्याने थांबतं! म्हणून आता बोट लागताच "पुस्तक उघडतंय" असं ऐकू येतं. रेंज नसेल तर "इंटरनेट नाही, डाउनलोड केलेली पुस्तकं ऐकता येतील" असं.

अँड्रॉइडवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा फोनमधला वाचक, बोटाखालच्या बटणाचं नाव वाचतो, दोनदा टॅप केलं की ते बटण चालतं. पण बनवणाऱ्याने आत नाव लिहिलंच नसेल, नुसतं चित्र टाकलं असेल, तर तो बिचारा सांगणार काय? हे नाव लिहायला मिनिटही लागत नाही, तरी ते राहून जातं याचा मला फार राग येतो. टॉकबॅक आणि पुस्तक वाचणारा आवाज एकदम बोलले तर दोघांचंही कळत नाही, त्यामुळे माझ्या अ‍ॅपमध्ये टॉकबॅक बोलताना पुस्तक थांबतं आणि चार शब्द मागे जाऊन पुन्हा सुरू होतं. बटणासाठी अँड्रॉइड किमान ४८ डीपी (डीपी हे स्क्रीनवरचं माप) जागा सांगतं. आमचं 'चालू-बंद' स्क्रीनचा खालचा अर्धा भाग व्यापतं आणि कुठल्याही अपडेटमध्ये ते हलणार नाही.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. काचबिंदूने बाजूची नजर गेली, मधोमध थोडी उरलीय. "अक्षरं मोठी कर" असं सगळे सांगतात, पण फार मोठं अक्षर त्या उरलेल्या जागेत मावतच नाही. त्यांना मध्यम आकार आणि काळ्यावर पिवळं बरं पडतं. दुसऱ्या कुणाला वेगळं लागेल, म्हणून आकार आणि रंग ज्याच्या त्याच्या हातात दिलेत.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने अपंग वाचकांसाठी पुस्तकं वाचता-ऐकता येतील अशा रूपात आणायची वाट मोकळी केली. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा पहिला देशही भारतच, २०१४ साली. डेझी या दृष्टिहीनांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या पद्धतीत प्रकरणावरून प्रकरणावर जाता येतं. आपल्याकडे प्रेमाने वाचून दिलेलं पुस्तक मात्र बरेचदा सलग एकाच फाइलमध्ये येतं.

तर, तुमच्यापैकी कुणी कुणासाठी पुस्तक रेकॉर्ड करत असेल तर प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी ठेवा आणि फाइलला प्रकरणाचं नाव मराठीत द्या. 'ट्रॅक झिरो सेव्हन' ऐकून मामांना काय कळणार?